जमिनीवरचा तांडेल

मनिष ज्या वॉशिंग सेंटरला नापास करायचा, त्याच्या बोर्डाला स्वतःचा मळलेला रुमाल बांधून यायचा. आधी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचा. नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या दाराच्या कडेला, डिकीच्या खाचेत, चाकाच्या आतल्या बाजूला तो फिरवायचा आणि मग काळा झालेला रुमाल कॅमेऱ्यासमोर उलगडून म्हणायचा, "खरं सांगतो, राग मानू नका." त्याच्या चॅनलचं नावच ‘खरं सांगतो’ होतं. सेंटरवाले दर वेळी हसायचे. कॅमेरा समोर असला की माणसाला हसावंच लागतं, आतून कितीही पेटला असला तरी.

डहाणूपासून तलासरीपर्यंत आणि हायवेच्या दोन्ही अंगांना गाड्या धुणाऱ्यांना त्याचं नाव ऐकलं की घाम फुटायचा. लोकांना मात्र मजा यायची. जेवताना बघायचे. तलासरीच्या पांड्याचा व्हिडिओ तर आमच्या झाईत लग्नाच्या मांडवातसुद्धा बघितला गेला. पांड्याने बोर्डावरचा रुमाल सोडून फेकला, तर मनिषने दुसरा व्हिडिओ टाकला, ‘रुमाल सोडला म्हणून गाडी स्वच्छ होते का?’ पांड्या आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. मीही तो व्हिडिओ बघून हसले होते. माझी टपरी झाईतून उंबरगावला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, चहा आणि वडे, उन्हाळ्यात ताडगोळे. माझं नाव लाडकी, पण तोंड तिखट आहे असं माझी गिऱ्हाइकं सांगतात, आणि तरी रोज येतात.

तर हा मनिष नारूभाऊचा धाकटा भाऊ. दोघं धाकटी डहाणूचे, बोटीवर वाढलेले. नारूभाऊ तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. कुठे जाळं टाकायचं, कधी ओढायचं, कधी परत फिरायचं हे तो ठरवतो. त्याचा शब्द चुकीचा वाटला तरी बोटीवर कुणी उलट बोलत नाही, कारण भर पाण्यात सगळे बोलायला लागले तर बोटच राहायची नाही. काय भांडायचं ते किनाऱ्याला लागल्यावर, घरात, आणि तेही चार लोकांसमोर नाही. नारूभाऊने सगळी उमर असाच शब्द दिला आणि आधीच्या तांडेलाचा असाच घेतला.

मग एकदा जाळं ओढताना दोर हाताभोवती आवळला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. अंगठा नसलेल्या हाताने दोर धरता येत नाही. त्याने बोटीतला आपला हिस्सा चुलत्याला विकला आणि बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या झाईला आला. बायको मालू. तिच्या भावाने माझ्या टपरीशेजारची जागा दिली. तिथे पत्र्याची शेड उभी राहिली, सिमेंटचा ओटा झाला आणि बोर्ड लागला, ‘नारू कार वॉशिंग’.

गाडी धुण्यातलं नारूभाऊला काही येत नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही नव्हती. "पाण्यात मी तांडेल होतो, लाडकीबाय," तो म्हणायचा. "जमिनीवर आमचा मनिष तांडेल. त्याने सगळं सांगून ठेवलंय."

सांगून ठेवलंय म्हणजे व्हिडिओत. मनिषचा सगळ्यात पहिला व्हिडिओ, चॅनलला कुणी विचारत नव्हतं तेव्हाचा. धाकटी डहाणूला घराच्या मागच्या अंगणात केलेला. मागे काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, पुढे मनिष, काटकुळा, शर्ट बाहेर आलेला, आणि बाजूला एक लाल रंगाचं प्रेशरचं मशीन. ते मशीन त्याला कुणा विकणाऱ्याने फुकट दिलं होतं, चांगलं बोल म्हणून. मनिष चांगलं बोलला होता. "याच्यापेक्षा महाग मशीन घेणारा माणूस वेडा," असं बोलला होता. बोरचं पाणी चालेल, कसलंही पाणी चालेल. एक बादली पुरे. स्पंज घ्या आणि हात गोल गोल फिरवा. हा व्हिडिओ मनिषने उभं राहून केला आणि नारूभाऊने फोन धरून घेतला. कोपऱ्यात नारूभाऊचा अंगठा आला होता, पूर्ण व्हिडिओभर. तेव्हा तो होता.

ते लाल मशीन आणायला नारूभाऊ वापीला गेला. मालू सोबत होती, तिने मला सांगितलं. दुकानदार म्हणाला, काका, हे आता कुणी घेत नाही, पंप कच्चा आहे, दोन उन्हाळे काढत नाही, त्यापेक्षा हे घ्या. त्याने चांगलं, जड, पितळी पंपाचं मशीन दाखवलं. बोटीचा हिस्सा नुकताच विकलेला, त्या दिवशी नारूभाऊची ते घ्यायची ऐपत होती. पण त्याने हात वर केला. "मनिषने सांगितलंय ते द्या." दुकानदाराने मागच्या खोलीतून धूळ बसलेलं खोकं आणून दिलं. नारूभाऊने घरी आणून त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, नव्या जाळ्याला करतात तसं.

आमच्या इथलं बोरचं पाणी खारं. दरिया जवळ, दुसरं काय येणार? कोळ्याच्या पोराला खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे सांगावं लागत नाही. बोटीचं इंजिन ते गोड्या पाण्याने धुतात. मालू म्हणालीही, की माझ्या आईच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, पिंपं भरून आणू. नारूभाऊ तिच्यावरच डाफरला. "मनिष कसलंही पाणी चालेल म्हणालाय. तुला जास्त कळतं?" मी वडे तळता तळता हे ऐकलं. दुसऱ्याच्या धंद्यात मी नाक खुपसत नाही, माझ्या धंद्यात कुणी खुपसलं तर झारा दाखवते.

आता वेवजीचा उमेश. त्याचा ट्रॅव्हल्सचा धंदा, दारात गाड्यांची रांग. झाईच्या रस्त्याला येणारी एखाददुसरी गाडी धुऊन नारूभाऊचं पोट भरणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. उमेशच्या गाड्या मिळाल्या तर सेंटर चालणार होतं, नाही मिळाल्या तर नाही. अंगठा नसलेल्या माणसाला परत बोटीवर कुणी घेणार नव्हतं. उमेश माझ्याकडे चहा प्यायचा. तो एकदा नारूभाऊला म्हणाला, "तुझा भाऊ एवढा मोठा माणूस. त्याच्या चॅनलवर तुझं सेंटर येऊ दे ने. त्याने पास केलं की माझ्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे."

नारूभाऊने त्याच संध्याकाळी मनिषला फोन केला. मनिषलाही तेच हवं होतं. त्याच्या व्हिडिओंखाली लोक कधीपासून लिहीत होते, की दुसऱ्यांची इज्जत काढतोस, दम असेल तर भावाचं सेंटर दाखव. मनिष म्हणाला, येतो. नारूभाऊ फोन ठेवून कितीतरी वेळ हसत बसला होता. मालूने येऊन मला सांगितलं, "भावजी येतायत. आता झालं सगळं." तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला उगाचच तिचा राग आला.

मनिष रविवारी आला, भर उन्हात. सोबत त्याची बायको हिना. फोन तीच धरायची, व्हिडिओ तीच जोडायची. उमेश त्याची नवी काळी गाडी घेऊन आला होता, सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. म्हणाला, हीच धू. मालूने पहाटे धाकटी डहाणूहून ताजे बोंबील मागवले होते, मनिषला आवडतात म्हणून, आणि माझ्या चुलीवर कालवण चढवलं होतं.

नारूभाऊने धुवायला सुरुवात केली. मी चहाची भांडी सोडून बघत राहिले, आणि थोड्याच वेळात मला पुढचं सगळं आधी कळायला लागलं. तो पहिला व्हिडिओ नारूभाऊने माझ्या टपरीशेजारी बसून इतक्या वेळा लावला होता की माझ्या डोक्यात बसला होता. आधी चाकं, मग छत. एक बादली. स्पंज. हात गोल गोल. नारूभाऊ एकही पायरी चुकला नाही. तो गाडी धूत नव्हता, धाकट्या भावाला पाठ म्हणून दाखवत होता.

"थांब, दादा," मनिष म्हणाला. कॅमेऱ्याकडे वळला. "बघितलंत? एकच बादली. चाकाची वाळू आहे ह्या पाण्यात. त्याच पाण्याने आता छप्पर घासतोय. खरं सांगतो, राग मानू नका, ह्याला गाडी धुणं नाही म्हणत. ह्याला पॉलिश पेपर मारणं म्हणतात."

नारूभाऊने स्पंज हातात धरून त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, मनिष गंमत करतोय. आता हसेल आणि म्हणेल, बरोबर केलंस दादा.

"आणि हा हात बघा, गोल गोल. कुणी शिकवलं रे तुला हे?"

हे त्याने विचारलं. माझ्या देखत विचारलं. मी नारूभाऊच्या तोंडाकडे बघत होते. त्याने तोंड उघडलं, मनिषच्या मागे हिनाच्या हातातल्या फोनकडे बघितलं, उमेशकडे बघितलं, आणि मिटून घेतलं. बोटीवर तांडेलाला चार लोकांसमोर उत्तर देत नाहीत.

"कुणी नाही," तो म्हणाला.

मग मनिष मशीनकडे वळला. त्याला ते ओळखू आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याने लाल डब्याला बुटाने टोचलं. "हे खेळणं बघा. ह्याचा पंप प्लॅस्टिकचा. माझ्या चॅनलवर मी घसा फोडून सांगतो, मशीन एकदाच घ्या, चांगलं घ्या. चांगल्या मशीनचा पैसा गिऱ्हाईक देतो, भंगार मशीनचा पैसा तुमची अब्रू देते. आणि पाणी कुठलं, दादा?"

"बोरचं."

"खारं?"

"हां."

मनिष गाडीच्या बॉनेटकडे गेला. ऊन कडक होतं, पाणी सुकलं होतं, आणि काळ्या रंगावर पांढऱ्या डागांची रांगोळी उमटली होती. उमेशच्या तोंडातून शिवी निघाली. मनिषने कॅमेरा जवळ बोलावला, प्रत्येक डागावर बोट ठेवून दाखवलं, मग रुमाल काढला. दाराची कडा, डिकीची खाच, चाक. रुमाल उलगडला. "लोक विचारत होते, भावाला काय करणार? भाऊ आहे म्हणून सोडू? तुमची गाडी इथे आली असती तर? एक गोष्ट सांगतो. कोळी माणूस बोटीला सडका दोर लावत नाही, कारण तिथे स्वतःचा जीव असतो. आणि इथे काय, गाडी दुसऱ्याची आहे ना." असं बोलून तो स्टुलावर चढला आणि ‘नारू कार वॉशिंग’ला रुमाल बांधला. चांगली घट्ट गाठ मारली, कोळ्याची.

एक अक्षर खोटं नव्हतं, ही सगळ्यात वाईट गोष्ट. मशीन भंगार होतं. पाणी खारं होतं. हात गोल फिरवला की रंगावर ओरखडे पडतात, हेही खरं असणार. पण दोराचं जे बोलला, ते दोराने अंगठा गेलेल्या माणसाबद्दल बोलला. त्याला ते जाणवलंही नसेल. व्हिडिओत चांगलं वाटेल एवढंच त्याला जाणवलं.

जेवायला तो आणि हिना माझ्या बाकड्यावर बसले. नारूभाऊ उन्हात होता, उमेशच्या गाडीवरचे डाग काढत होता. मालूने पिण्याचं गोडं पाणी दिलं होतं, त्यात फडकं भिजवून भिजवून पुसत होता, आणि उमेश कमरेवर हात ठेवून उभा होता. मनिष मन लावून जेवत होता. त्याने कालवण दुसऱ्यांदा मागितलं. मालूने वाढलं आणि पदराला हात पुसत हळू म्हणाली, "भावजी, ते मशीन तुमचंच आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या पहिल्या व्हिडिओतलं. अंगणातल्या. वापीचा दुकानदार चांगलं देत होता, हे म्हणाले, नाही, मनिषने सांगितलेलं द्या. बोरचं पाणी, एक बादली, हात गोल फिरवायचा, सगळं त्यातलंच. हे रोज बघतात तो."

मनिषचा हात ताटात थांबला. त्याने मशीनकडे बघितलं. आता ओळखलं. चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि क्षणभर मला वाटलं, हा उठणार आणि भावाचे पाय धरणार. मी एवढी म्हातारी झाले तरी असलं काही वाटतं मला.

"वहिनी, त्याला किती वर्षं झाली. मला तेव्हा काय कळत होतं? मशीन फुकट मिळालं होतं, बोललो."

"मग तेव्हा कळत नव्हतं, हे तुम्ही सांगितलं कुठे?"

हिना हात धुऊन आली होती. तिने मनिषच्या खांद्याला हात लावला. "मनिष, आजचा नको टाकूया."

"का? मी खोटं काय बोललो?"

"खोटं नाही बोललास."

"मग? भावाला सोडला असं झालं की उद्या माझं कोण ऐकेल? इतक्या लोकांना धुतलं मी. ते सगळे टपून बसलेत."

मालू म्हणाली, "नका सोडू. टाका. आमची चूक आहे, आम्ही भरू. फक्त एक वाक्य घाला, की हे मशीन मीच सांगितलं होतं, ते चुकलं. बस. उमेशशेठला तेवढं पुरेल. लोकांना कळेल हा माणूस खोटारडा नाही, भावाचं ऐकून फसला." तिचा आवाज अगदी सरळ होता. ती हात जोडत नव्हती, मासळीच्या बाजारात भाव सांगावा तसं सांगत होती.

मनिषने कालवण भातात कालवलं. "घालतो," तो म्हणाला. "घालतो, वहिनी. एक वाक्य काय."

मालूने त्याला आणखी एक बोंबील वाढला.

जेवून झाल्यावर तो बाकड्याच्या टोकाला सरकला आणि फोन काढला. बराच वेळ अंगठ्याने वर वर सरकवत गेला, अगदी तळाला जाऊन पोचेपर्यंत. मी चहा ठेवायला गेले तेव्हा फोनवर मला काठ्यांवरचे बोंबील दिसले. म्हटलं, बघतोय बिचारा जुनं. त्याने एकदा अंगठा टेकवला, मग परत टेकवला, आणि फोन उलटा ठेवून चहा घेतला. "मावशी, साखर कमी टाकत जा," मला म्हणाला. "आरोग्याला बरी." चहालाही पास-नापास करून गेला.

संध्याकाळी व्हिडिओ आला. नाव होतं, ‘सख्ख्या भावालाही सोडलं नाही’. मी पूर्ण बघितला, शेवटपर्यंत, वाक्य येईल म्हणून. वाक्य नव्हतं. "कुणी शिकवलं रे तुला हे?" आणि "कुणी नाही" तेवढं मात्र दोनदा लावलं होतं, दुसऱ्यांदा हळू आवाजात, खाली हसऱ्या तोंडांची चित्रं टाकून. खाली लोकांनी लिहिलं होतं, भावा तुला सलाम. असा प्रामाणिक माणूस नाही. सगा भाई भी नहीं बचा. एकाने लिहिलं होतं, ह्याच्या भावाला परत दर्यात सोडा. त्याला सगळ्यात जास्त बदाम मिळाले होते.

उमेशचा फोन दुसऱ्या दिवशी आला. नारूभाऊ फोन कायम स्पीकरवर लावून बाकड्यावर ठेवतो, अंगठ्याशिवाय तो कानाला नीट धरवत नाही, त्यामुळे त्याच्या घरातलं काही माझ्यापासून लपत नाही. "नारूभाऊ, मनात नको घेऊ ने," उमेश म्हणाला. "मला तर चाललं असतं. पण माझ्या गिऱ्हाइकांनी बघितलाय व्हिडिओ. तेच विचारतात, गाडी तिथे तर नाही ना धुतली?" नारूभाऊ म्हणाला, हां, बरोबर आहे. उमेश बिचारा आणखी समजावत राहिला आणि नारूभाऊ बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत राहिला.

त्यानंतर जे थांबायचे ते फोटो काढायला. बोर्डाखाली उभे राहायचे, रुमालाकडे बोट दाखवायचे आणि न धुतलेली गाडी घेऊन निघून जायचे. त्यातले काही माझ्याकडे चहा मागायचे. मी म्हणायचे, दूध फाटलंय.

"तो रुमाल तरी काढा," मी नारूभाऊला म्हटलं.

"त्याने बांधलाय. तोच सोडवेल."

"कधी?"

"येईल ने."

दर्याच्या वाऱ्याने रुमालाच्या चिंध्या व्हायला लागल्या तरी त्याने हात लावला नाही. मालू आता त्याच्याशी बोलत नव्हती. पिंपं आणून विहिरीचं गोडं पाणी भरून ठेवायची, एका शब्दाने न विचारता. दोन बादल्याही आणल्या तिने. पण गोडं पाणी आलं तोवर मशीन खाऱ्याने आतून खाल्लं होतं. गन दाबली की पाण्याची धार पडायच्या ऐवजी नुसता फुसका फवारा उडायचा, आणि मग तोही बंद झाला.

त्या दिवशी एक गाडी आली होती. सिल्वासाकडचं कुणीतरी कुटुंब, त्यांनी व्हिडिओ बघितला नव्हता. बाप म्हणाला, लग्नाला चाललोय, लवकर करा. नारूभाऊ इतक्या दिवसांनी उठला, आणि मशीन चालेना. त्याने दोन्ही बाजूंनी ठोकून बघितलं. मग माझ्याकडे आला, फोन हातात. "लाडकीबाय, जरा बघ ने. मनिषचा तो पहिला व्हिडिओ सापडत नाही. माझ्या फोनचं नेट खराब असेल. त्यात शेवटी तो नोझल कसं खोलून साफ करायचं ते दाखवतो. सुई घालून. कुठल्या बाजूने घालायची तेवढंच बघायचंय."

मी माझा फोन काढला. चॅनल उघडलं आणि खाली खाली गेले, तळापर्यंत. सगळ्यात खाली कुणा दुसऱ्याच सेंटरचा व्हिडिओ होता, रुमालवाला. अंगण नव्हतं. बोंबील नव्हते. तेव्हा मला बाकड्याच्या टोकावरचा मनिष आठवला आणि त्याचा दोनदा टेकलेला अंगठा. एक वाक्य घालतो म्हणून बोंबील खाऊन गेला आणि भावाकडे होता तेवढा एक पुरावा माझ्या बाकड्यावर बसून पुसून गेला. आणि मी त्याला चहा पाजला.

"फोन करा त्याला," मी म्हटलं. "आत्ता. स्पीकरवर."

नारूभाऊने फोन बाकड्यावर ठेवला. मालू पिंपाजवळून इकडे आली. सिल्वासाचा माणूस घड्याळ बघत होता. मनिषने लगेच उचलला. मागून आवाज येत होते, कुठल्यातरी सेंटरवर होता.

"बोल, दादा. शूट चालू आहे."

"मशीन बंद पडलंय रे. तो व्हिडिओ सापडत नाही."

"कुठला व्हिडिओ?"

"तुझा पहिला. अंगणातला. लाल मशीनचा. पाठवतोस?"

पलीकडे कुणीतरी हसलं, मनिषने त्याला श्श केलं. मग त्याचा आवाज आला, रोजचा, कॅमेऱ्यासमोरचा. "असा व्हिडिओ मी कधी केलाच नाही, दादा. तू दुसऱ्या कुणाचा बघितला असशील."

नारूभाऊने फोन बाकड्यावर आणखी जवळ ओढला.

"दादा? ऐकतोयस ना? असं कुणासमोर बोलू नको हां. लोक उगाच काहीतरी पसरवतात. मी ते मशीन कधी सांगितलंच नाही कुणाला."

"हां," नारूभाऊ म्हणाला. "असेल तसं. तू कर तुझं काम."

फोन बंद झाला. मालू वळली आणि सरळ शेडच्या मागे गेली. सिल्वासाच्या माणसाने बायकोला गाडीत बसायला सांगितलं आणि गाडी मागे घेतली. नारूभाऊने त्यांना थांबवलं नाही.

माझ्याने राहवलं नाही. "किनाऱ्याला लागून किती दिवस झाले, भाऊ? आता तरी बोला. व्हिडिओ होता. तुम्ही स्वतः फोन धरला होता. कोपऱ्यात तुमचा अंगठा दिसायचा."

नारूभाऊने उजवा हात पुढे केला आणि माझ्यासमोर उलटासुलटा करून दाखवला.

"कुठला अंगठा?" तो म्हणाला, आणि मशीन आडवं करून, सुई चार बोटांत धरून, नोझल खोलायला बसला.